घड्याळ लावून केलेली शिकार: बॅडमिंटनच्या घोडेमैदानात शिकारवाल्यांच्या घोळक्यात

लंडनहून कार्डिफकडे जाणारी गाडी बॅडमिंटन गावाजवळून न थांबता निघून जाते. इथलं स्टेशन 1968 सालीच बंद झालं. त्यामुळे ब्रिस्टल पार्कवेला किंवा चिपनहॅमला उतरून टॅक्सी करायची, नाहीतर गाडीने यायचं असेल तर एम-फोर महामार्गाचा 18 नंबरचा फाटा पकडायचा. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात इथल्या घोड्यांच्या इव्हेंटिंग स्पर्धेला येत असाल तर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि रेनकोट हवेतच. 2012 साली पावसाने मैदानाची अशी दलदल केली की अख्खी स्पर्धा रद्द करावी लागली होती.

गावाचं नाव वाचून पुणेकरांची मान ताठ होईल, आणि त्यात चूकही नाही. शटलच्या खेळाला नाव मिळालं ते इथल्या ड्यूक ऑफ ब्यूफर्टच्या बॅडमिंटन हाउसवरून. 1870 च्या दशकात आपल्या पुण्याच्या छावणीत गोरे साहेब तोच खेळ खेळायचे आणि त्याला 'पूना' म्हणायचे. पण इथल्या माणसाला नुसतं 'बॅडमिंटन' म्हटलं की रॅकेट आठवत नाही, घोडा आठवतो.

इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोडा-स्वाराच्या जोडीने द्यायच्या तीन परीक्षा: ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या मैदानातल्या पक्क्या अडथळ्यांवरून दौड) आणि शो-जंपिंग (पडू शकणाऱ्या दांड्यांवरून उड्या). मूळ लष्करी. 1912 च्या स्टॉकहोमपासून इव्हेंटिंग ऑलिम्पिकमध्ये आहे. बॅडमिंटनची स्पर्धा सुरू केली ती दहाव्या ड्यूकने. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमधलं इव्हेंटिंग ऑल्डरशॉटला पाहून आल्यावर त्याने आपलं पार्क देऊ केलं, 1949 मध्ये 22 घोडे धावले आणि गोल्डन विलो नावाचा घोडा जिंकला. हा ड्यूक नखशिखान्त शिकारी. लहानपणीच त्याला स्वतःचा कुत्र्यांचा ताफा मिळाला होता आणि जन्मभर लोक त्याला 'मास्टर' म्हणत. गाडीचा नंबरही 'एमएफएच 1', म्हणजे मास्टर ऑफ फॉक्सहाउंड्स, कोल्ह्याच्या शिकारी कुत्र्यांचा प्रमुख. ब्यूफर्ट हंटच्या, म्हणजे घोड्यावरून कुत्र्यांमागे जाणाऱ्या इथल्या शिकारमंडळाच्या, हाउंड कुत्र्यांचे वाडे आजही या गावातच आहेत. त्यामुळे शनिवारी क्रॉस-कंट्रीच्या दोराला टेकून शेरेबाजी करणारी निम्मी मंडळी शिकारवाली निघाली तर नवल नाही. इव्हेंटिंगवाल्यांना ते घरच्या हुशार पण जरा नाजूक पुतण्यासारखं वागवतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार फेब्रुवारी 2005 पासून कायद्याने बंद आहे. त्यानंतर 'ट्रेल हंटिंग' चालू राहिलं: वासाचं फडकं आधी जमिनीवरून ओढत न्यायचं आणि कुत्र्यांना त्या मागावर सोडायचं. त्याच्या आडून खरी शिकार होते असा विरोधकांचा आरोप आहे, आणि लेबर पक्षाने 2024 च्या जाहीरनाम्यात ट्रेल हंटिंगही बंद करू असं म्हटलं. हा वाद इथे फार कडवा आहे. या लेखात बोलायचंय ते घोड्याच्या पाठीवरच्या बाजूबद्दल.

शिकारवाल्यांची पहिली थट्टा ड्रेसाजवर. 60 बाय 20 मीटरच्या चौकोनात, काळा कोट घालून, पाचेक मिनिटं घोडा आडवा-तिडवा चालवायचा, त्याला टक्के मिळणार आणि ते शंभरातून वजा करून दंडाचे गुण धरणार. 70 टक्के मिळाले तर 30 दंड. शिकारवाले विचारतात, या घोड्याला फाटक उघडता येतं का? प्रश्न वाटतो तितका बालिश नाही. घोड्यावरून न उतरता फाटक उघडायचं म्हणजे घोडा फाटकाला समांतर, तोंड कडीच्या बाजूला. फाटकाकडच्या हातात शिकारीचा चाबूक. त्याच्या सांबरशिंगी मुठीला काटकोनात आकडा असतो, तो कडी उचलायला कामाला येतो. कडी उचलली की घोड्याने एक पाऊल मागे घ्यायचं, फाटक ढकललं जात असताना मागचा भाग बाजूला सरकवायचा आणि मागून येणाऱ्या पन्नास घोड्यांसाठी निश्चल उभं राहायचं. बिघडतं ते दोन ठिकाणी. लगामाचा सैल वेढा कडीत अडकतो आणि घोडा दचकून मागे हटला की तोंडाला हिसका बसतो. किंवा फाटक मध्येच सोडलं तर ते परत येऊन घोड्याच्या मांडीवर आपटतं. मग तो घोडा वर्षभर फाटकाजवळ जायला तयार नसतो. आता नीट पाहिलं तर एक पाऊल मागे, मग पुढच्या पायांभोवती मागचा भाग वळवणं, मग स्तब्ध उभं राहणं, हे सगळं ड्रेसाजच आहे. फक्त एका हाताने, आणि वाऱ्यात. हे शिकारवाल्यांच्या लक्षात आणून दिलं की ते विषय बदलतात.

दुसरी थट्टा मैदान चालून पाहण्यावर. क्रॉस-कंट्रीच्या आधी स्वार पूर्ण मार्ग तीन-चार वेळा पायी फिरतात, उड्यांमधली अंतरं पावलांनी मोजतात आणि कुठे उन्हाची तिरीप डोळ्यांवर येईल तेही टिपून ठेवतात. प्रत्येक अडथळ्याला नंबर, उजवीकडे लाल झेंडा, डावीकडे पांढरा. शिकारीत असलं काही नाही. कुंपणापलीकडे काय आहे ते हवेत असतानाच कळतं: नांगरलेलं शेत, चर, कधी एखादी गायींची हौदी. म्हणून शिकारीचा घोडा थोडा हळू येतो, कुंपणाकडे स्वतः पाहतो आणि पाय कुठे टाकायचा ते स्वतः ठरवतो. इव्हेंटिंगवाले बोट दाखवून 'तीन पावलं, दोन, एक' मोजत असतात तेव्हा इकडून आवाज येतो, "घोड्याला मोजता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलंय का?"

पण एका बाबतीत शिकारवाले थट्टा करत नाहीत. शिकारीत घोडा कळपात उडतो. पुढचा गेला की मागचा जातो. अडला तर कुणीतरी पुढे होऊन वाट दाखवतं. इव्हेंटिंगमध्ये घोडा सोबत्यांना मागे सोडून सुरुवातीच्या चौकटीतून एकटाच निघतो. हंगामभर ब्यूफर्टच्या दगडी गडग्यांवरून आणि काटेरी हेजवरून बेधडक उडालेला घोडा एकटा पडल्यावर पहिल्याच साध्या ओंडक्यापाशी पाय रोवतो, हे अगदी नेहमीचं आहे. म्हणून शिकारीतून आलेल्या घोड्याला आधी ओळखीच्या शेतात एकट्याने छोट्या उड्या, मग हंटर ट्रायल (शिकारीच्या घोड्यांची छोटी क्रॉस-कंट्री स्पर्धा), आणि मगच इव्हेंटिंग, असा क्रम लागतो.

तिसरा विषय घड्याळ. या दर्जाच्या स्पर्धेत वेग ठरलेला असतो: मिनिटाला 570 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 34 किलोमीटर. अंतर साडेसहा किलोमीटरच्या आसपास, वेळ अकरा ते बारा मिनिटं, आणि जास्तीत जास्त 45 उड्या. पक्के अडथळे 1.20 मीटरपर्यंत, वर झुडपी शेंडा असेल तर त्याहून थोडे उंच. ठरलेल्या वेळेपेक्षा प्रत्येक सेकंद उशिराला 0.4 दंड. वीस सेकंद उशीर झाला की 8 गुण गेले, म्हणजे दुसऱ्या दिवशी शो-जंपिंगमध्ये दोन दांडे पडल्याइतका फटका. म्हणून स्वाराच्या मनगटावर दर मिनिटाला वाजणारं मोठं घड्याळ असतं आणि चालताना त्याने मिनिटांच्या खुणा ठरवून ठेवलेल्या असतात: या ओकपाशी चार, त्या उतारावर सात. शिकारवाल्यांच्या मते घोड्यावर घड्याळ लागतं ते फक्त पबची वेळ चुकू नये म्हणून. त्यांचा वेग कुत्री ठरवतात. कधी वीस मिनिटं चौखूर, कधी तासभर रानाच्या कडेला थंडीत नुसतं उभं.

गर्दी सगळ्यात जास्त 'लेक'पाशी, म्हणजे बॅडमिंटन हाउससमोरच्या तळ्याशी. इथे जागा हवी असेल तर पहिला घोडा निघायच्या तासभर आधी या. पाण्यात उडी घेताना खाली बरीच पोकळी असते. नियमाने उतार दोन मीटरपर्यंत चालतो. पाणी मात्र उथळ, 35 सेंटिमीटरच्या आत. घोडा वर उठला की स्वार खांदे मागे टाकतो, पोटरी पुढे ठेवतो आणि लगाम बोटांमधून सरकू देतो, म्हणजे घोड्याला मान लांब करून तोल सावरता येतो. सरकू दिला नाही तर घोड्याच्या तोंडाने ओढला जाऊन स्वारच मानेवरून पुढे. सरकू दिला आणि दोन पावलांत परत गोळा केला नाही तर पाण्यातला पुढचा अरुंद अडथळा बाजूने निसटतो: 20 दंड. तिथेच दुसऱ्यांदा निसटला तर आणखी 40. इथे शिकारवाले खुशीत असतात, कारण मागे झुकलेला, हात लांब सोडलेला तो स्वार हुबेहूब त्यांच्या दिवाणखान्यातल्या जुन्या शिकारचित्रांसारखा दिसतो. "बघा, शेवटी आजोबांसारखेच बसले!"

अवघड सरळ वाटेला पर्याय म्हणून लांबची सोपी वाटही दिलेली असते, आणि तीही झेंडे लावून. याची त्यांना गंमत वाटते. शिकारीतही लांबची वाट असते. तिला फाटक म्हणतात आणि तिथे कोण कोण गेलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळतं.

पडण्यावरून मात्र चेष्टा जपून होते. शिकारीत पडलात की कुणीतरी घोडा पकडून आणतं, पुन्हा चढायचं. इव्हेंटिंगच्या क्रॉस-कंट्रीत स्वार पडला की तिथेच बाद. "एवढ्यावरून घरी?" असं जुने लोक म्हणतात खरं, पण 1999 च्या एका हंगामात ब्रिटनमध्ये पाच इव्हेंटिंग स्वार दगावले होते, हे त्यांनाही ठाऊक आहे. सगळ्यात वाईट अपघात होतो तो पक्क्या लाकडाला पुढचे पाय लागून घोडा कोलांटतो तेव्हा. म्हणून आता पुष्कळ अडथळ्यांचे दांडे ठरावीक जोर बसला की सुटणाऱ्या पिनांवर बसवलेले असतात. पिन सुटली तर 11 दंड. शिकारीत दांडा मोडला तर फील्ड मास्टरला, म्हणजे स्वारांच्या घोळक्याच्या म्होरक्याला, सांगायचं, हंटचा कुंपणवाला येऊन दुरुस्त करतो. न सांगता गेलात आणि शेतकऱ्याची गुरं रस्त्यावर आली, तर पुढच्या वेळी त्या शेतात कुणालाच पाऊल ठेवता येणार नाही. दंड तिथेही आहे, फक्त तो सगळ्यांच्या माथी बसतो.

तबेल्याकडे मोतद्दारांचं काम बघणं मला जास्त आवडतं. इव्हेंटिंगच्या घोड्याच्या नालेला आट्यांची भोकं पाडून घेतलेली असतात आणि त्यात पाय घसरू नये म्हणून जमिनीप्रमाणे स्टड (आट्यांचे लोखंडी खिळे) बसवतात: कडक जमिनीला बारीक टोकदार, चिखलाला जाड आणि लांब. एरवी भोकात तेलाचा कापसाचा बोळा असतो. तो खिळ्याने उकरून काढायचा, आटे पाडायच्या टॅपने आटे साफ करायचे, स्टड बोटांनी सुरू करून पान्याने आवळायचा. आटे साफ केले नाहीत तर स्टड तिरका बसतो आणि ऐन वळणावर उडून जातो. फार मोठा स्टड कडक जमिनीवर लावला तर खूर पूर्ण टेकत नाही, सगळा पीळ सांध्यावर येतो. शिकारवाले बहुधा यांच्या वाटेला जात नाहीत: त्यांना डांबरी रस्त्यावरून मैलोगणती जायचं असतं, आणि फाटकाशी दाटीवाटीत लाथ बसली तर स्टड हाडापर्यंत जातो. लाथाड्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची, नवख्याच्या हिरवी. ही पद्धत मात्र दोन्हीकडे एकच.

शर्यत संपली की इव्हेंटिंगच्या घोड्यावर बर्फाचं पाणी सतत ओतत राहतात, चालवतात, ताप मोजतात, पुन्हा ओततात. शिकारीच्या घोड्याची तऱ्हा वेगळी. पाच-सहा तास बाहेर राहून परतताना शेवटचा मैलभर स्वार उतरतो, तंग एक भोक सैल करतो आणि बाजूने पायी चालतो, म्हणजे घोडा घरी कोरडा आणि शांत पोचतो. घाम अंगावर वाळलेला आणि वर गार वारा, ही नोव्हेंबरातली अडचण. मे महिन्यात बारा मिनिटांच्या भरधाव दौडीनंतर अडचण आतल्या उष्णतेची. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, तरी एकमेकांकडे बघून मान हलवतातच.

शिकारवाल्यांची एकच खरी तक्रार आहे. पूर्वी क्रॉस-कंट्रीच्या आधी रस्त्यांवरची लांब दुडकी आणि स्टीपलचेस, म्हणजे झुडपी कुंपणांवरून भरधाव दौड, हेही असे. ते 2005 नंतर इथून गेलं. त्यांच्या मते तेव्हापासून दमसासाचा, काटक आयरिश शिकारी घोडा मागे पडला आणि ड्रेसाजमध्ये नाचणारा पुढे आला. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही: आजच्या उड्यांचे कोन आणि अरुंद अडथळे त्या जुन्या घोड्यांना कितपत झेपले असते, हा प्रश्न ते सोयीस्करपणे टाळतात. त्यांचा लाडका इव्हेंटिंगवाला विचाराल तर मार्क टॉड. 1995 मध्ये इथेच बर्टी ब्लंटवर रिकिबीचा पट्टा तुटल्यावर त्याने उरलेला मार्ग एकाच रिकिबीवर पार केला, आणि 1996 ला त्याच घोड्यावर जिंकला. याला ते 'आमच्यातला' म्हणतात.

रविवारी सकाळी पशुवैद्यांसमोर घोडे पुन्हा दुडकीत धावतात. लंगडणारा बाद. स्वार या वेळी झकपक कपड्यांत येतात, त्यावर शिकारवाले काय बोलतात ते इथे न लिहिलेलं बरं. दुपारी शो-जंपिंग, उंची 1.30 मीटरपर्यंत, दांडा पडला की 4. आदल्या दिवशी पक्क्या अडथळ्यांवरून लांब, सपाट उडालेल्या घोड्याला आता हलक्या दांड्यांवरून गोल आणि उंच उडायचं असतं, म्हणून दांडे पडतात ते बहुधा रुंद उड्यांचे मागचे आणि जोडउड्यांमधले शेवटचे. गाडीने आला असाल तर शेवटचा घोडा उडण्याआधी निघा, नाहीतर एम-फोरच्या फाट्यापर्यंत तास जातो. आणि ही मंडळी त्यांच्या मूळ मैदानात पाहायची असतील तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये यायला हवं: मीट, म्हणजे निघण्याआधीचं एकत्र जमणं, सकाळी अकराच्या सुमारास, ब्यूफर्टचे हंट कर्मचारी हिरव्या कोटांत, सभासद निळ्या, कुत्री मोजायची जोड्यांत, म्हणजे पस्तीस नव्हे, साडेसतरा जोड्या.