भीमथडीचं घोडं अजून आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आहे. इंदापूर-बारामतीच्या बाजूला जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरत असल्याने पुण्या-मुंबईचे लोक हे मला हमखास विचारतात. राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचं नाव ऐकलेलं असतं आणि पेशवाई बुडाली तेव्हा तीही संपली असं त्यांनी धरलेलं असतं. पण ही घोडी आजही दिवाळीनंतर धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या त्यांच्या तांड्याबरोबर, घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर देशावर परत येतात.

दिसायला घोडं छोटं. खांदा माणसाच्या छातीला लागेल एवढंच. पाय बारीक पण टणक, खूर घट्ट, आणि खाण्याचे चोचले अजिबात नाहीत. कडबा मिळाला तर उत्तम, नाहीतर बांधावरचं वाळलं गवतही चालतं.

भीमा आणि नीरेच्या काठची ही पैदास. चौल-दाभोळसारख्या बंदरांतून अरबी घोडे दख्खनेत उतरत. त्यांचं आणि तुर्की घोड्यांचं रक्त इथल्या गावठी तट्टांत मिसळत गेलं. मराठ्यांच्या काळात या पैदाशीला खरा भाव आला, आणि त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. तेव्हा घोडेस्वार दोन प्रकारचे: बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदाराला मात्र स्वतःचा आणावा लागे. घोडा मेला की त्याची चाकरी धोक्यात. मग असा माणूस घरच्या चाऱ्यावर पोसता येईल, लांबची मजल मारेल आणि मुक्कामाला मिळेल ते खाईल असंच घोडं धरणार. मार्च १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकला, तो अशा हलक्या घोडदळाच्या जोरावर. सगळीच घोडी भीमथडीची होती असं मी म्हणणार नाही, सरदारांच्या पागांत उंची अरबी घोडे होतेच. पण सैन्याचा मोठा भार या बुटक्या तट्टांनी वाहिला, आणि त्यांचं श्रेय त्यांना कमीच मिळालं.

१८१८ नंतर शिलेदारी गेली आणि गिऱ्हाईकही गेलं. इंग्रजांच्या फौजेला उंच घोडे हवे होते, ते अरबस्तानातून आणि पुढे ऑस्ट्रेलियातून येऊ लागले. १८७६-७७ च्या दुष्काळाने तर देशावरची जनावरंच खलास केली.

तरीही जात टिकली, ती धनगरांच्या बायकांमुळे. हे मी मनापासून म्हणतो. पुरुष मेंढरांमागे रानात असतात, बिऱ्हाड हलवतात त्या बाया. पहाटे घोडं कसं लादतात ते एकदा बघाच. आधी पाठीवर जाड घोंगडी, मग दोन्ही अंगांना तोलून गाठोडी, मेंढरं कोंडायची वाघर, काठ्या, पातेली, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू. कधी कधी त्याच्याशेजारी लहान पोरही. तोल एका बाजूला गेला की पाठ सोलवटते. तशी जखम झालेली घोडी माझ्याकडे येतात, पण जाणत्या बाईच्या हाताखालचं घोडं त्यासाठी क्वचितच येतं.

आता कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. मारवाडी, काठियावाडी यांच्या पंगतीला आपलं घोडं बसलं याचा मला फार आनंद झाला. मात्र नोंदीने पोट भरत नाही. उसाने आणि तारेच्या कुंपणांनी चराऊ रानं खाल्ली, वाटा हायवेखाली गेल्या. पोरं म्हणतात, टेम्पोत बिऱ्हाड टाकलं की चार तासांत पोचतो, आणि त्यांचं चुकतं कुठे? शिवाय वरातीच्या हौसेपायी मारवाडी वळू घोड्याकडे घोडी दाखवतात, कारण शिंगरू उंच निघालं तर बाजारात पैसे जास्त येतात. सरकारला काही करायचंच असेल तर जातिवंत वळू वाड्यांपर्यंत पोचवावेत आणि स्थलांतराच्या वाटांवर चराईचा हक्क द्यावा. नुसती प्रदर्शनं भरवून घोडं जगणार नाही.

तुम्हाला बघायचं असेल तर दिवाळीनंतर घाटरस्त्याला लागा. वाडा दिसला की गाडी हळू घ्या, हॉर्न वाजवू नका. लादलेलं घोडं बिचकलं तर भांडीकुंडी राहू द्या, वरचं कोकरूही खाली येतं. आणि फोटो काढण्याआधी मालकिणीला विचारा.