२७ए, खिडकीची जागा

दार्जिलिंगसाठी दिल्लीहून बागडोगऱ्याच्या विमानतळावर जायचं तर डावीकडची खिडकी धरायची, हे मला पक्कं ठाऊक होतं. विमान पूर्वेला जातं, हिमालय उत्तरेला, म्हणजे जाताना ए खुर्ची आणि येताना उजवीकडची एफ. प्रश्न रांगेचा होता. आमचं विमान एअरबस ए३२०, एकच वर्ग, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या. पहिल्या रांगेत पाय पसरता येतात, पण पैसे सगळ्यात जास्त आणि पायाशी पिशवी ठेवता येत नाही. इमर्जन्सी एक्झिटच्या १२, १३ नंबरच्या रांगाही ऐसपैस, पण खाली बघावं तर नुसता पंख. शेवटच्या रांगेला खुर्ची मागे जात नाही आणि डोक्याशी टॉयलेटची लाइन. मधल्या जागा फुकटच्या. असं सगळं तोलून मी पंखाच्या बराच मागे २७ए घेतली. पाचशे रुपये मोजून.

बायको म्हणाली, "दोन तासांसाठी पाचशे? मला नको, मिळेल तिथे बसेन." तिला मिळाली १९ई, उजवीकडची मधली, दोन दांडग्या माणसांच्या मध्ये. मी मनातून जरा खूशच झालो.

पुणे-दिल्ली झोपेत गेलं. बागडोगऱ्याच्या विमानात चढलो, २७ए गाठली, बसलो आणि डावीकडे वळून पाहिलं. भिंत! पांढरी, गुळगुळीत प्लॅस्टिकची भिंत. एक खिडकी माझ्या खांद्याच्या मागे, दुसरी पुढच्या खुर्चीच्या पाठीआड. नंतर कळलं की या विमानाच्या खिडक्या २१ इंचांवर असतात आणि स्वस्तातल्या कंपन्या खुर्च्या टाकतात २८-२९ इंचांवर. दोघांचा मेळ बसेल तिथे बसेल. पैसे घेताना मात्र ती 'विंडो' असते.

पुढच्या खिडकीची चार बोटांची फट माझ्या वाट्याला आली होती. मान पुढे काढून, गाल भिंतीला टेकवला की दिसायचं. खुद्द खिडकीचा मालक कानात बोंडं घालून मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

तासाभराने वैमानिकाने सांगितलं, डावीकडे एव्हरेस्ट. झालं! उजवीकडची सगळी जनता माझ्या अंगावर. एका काकांचं कोपर माझ्या कानात, कुणाची तरी ओढणी तोंडावर. "भैया, एक फोटो खींच दीजिए ना" म्हणत एकापाठोपाठ पाच मोबाइल माझ्या हातात आले. मी खिडकीवाला ना! गाल भिंतीला लावून, हात वाकडा करून मी पाचही जणांचे फोटो काढले. बहुतेकांत पुढच्या खुर्चीचं रेक्झिन आलं असणार. मला स्वतःला दिसला तो एक पांढरा दात, ढगांच्या वर आलेला. तो एव्हरेस्टच होता की शेजारचा दुसराच कुणी, देव जाणे.

मध्येच बायको माझ्या शेजारून मागे गेली, ती बराच वेळ आलीच नाही. पट्टे बांधायची घोषणा झाली तेव्हा परतली, चेहरा फुललेला. जाताना खांद्यावर थापटून म्हणाली, "दिसलं का रे?"

पुढचे चार दिवस दार्जिलिंग ढगात. टायगर हिलवर पहाटे कुडकुडत उभं राहून आम्ही फक्त धुकं आणि इतर मराठी कुटुंबं पाहिली.

बागडोगऱ्याला उतरल्यावर, चहा पिताना तिने सांगितलं होतं. टॉयलेट रिकामं नव्हतं म्हणून ती मागे ट्रॉल्या ठेवतात तिथे थांबली. एअर होस्टेसने तिला दाराच्या बारक्या काचेशी बोलावलं. "बाहर देखिए, कंचनजंगा." ८,५८६ मीटरचा अख्खा डोंगर, खांद्यांसकट, दहा मिनिटं. वर कागदी पेल्यात पाणीही दिलं म्हणे.

तिने काढलेला फोटो माझा व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी आहे. "कुठून काढलास?" असं कुणी विचारलं की मी म्हणतो, विमानातून. बायको ऐकत असली तर पाचशे रुपयांचा विषय निघतोच.