गंजलेला बोल्ट सोडवावा की वरून लेप लावावा?

पिकअप ट्रकच्या एक्झॉस्टमधून फट्‌फट् आवाज येऊ लागला आणि खाली वाकून पाहिल्यावर गंजाने फुगलेले बोल्ट दिसले, की मला हमखास विचारले जाते, "हे बोल्ट सोडवण्याच्या भानगडीत न पडता वरून सीलंट किंवा पट्टी लावून भागणार नाही का?" प्रश्न रास्त आहे, कारण असा बोल्ट तुटला तर साधे काम हाताबाहेर जाते, ही भीती खरी आहे. तरीही माझे उत्तर नेहमी "नाही" असेच असते.

पाइपलाच भोक पडले असेल तर ते बुजवता येते. जोडावरची गळती वेगळी असते. तिथे भोक नसते. दोन फ्लँज (जोडाच्या दोन्ही बाजूंच्या चपट्या कडा) आणि त्यांच्यामधले गॅस्केट (फट बंद करणारा पातळ थर) आवळून धरणारा दाब गेलेला असतो. तो दाब बोल्टच देऊ शकतो, लेप नव्हे. इंजिनातून येणारा वायू धक्क्याधक्क्याने येतो, जोड तापला की पसरतो, थंड झाला की आकसतो, आणि या हालचालीत लेपाला लवकरच चिरा पडतात. पुढे कधीतरी नट सोडवायची वेळ येतेच, तेव्हा तो त्याच कडक झालेल्या लेपाखाली गाडलेला सापडतो.

गळती कुठे आहे हे आधी नक्की करावे. थंड इंजिन सुरू केल्यावर टिक‌्टिक् आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो मंदावतो किंवा थांबतो, असे असेल तर संशय मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागावर, घ्यावा, कारण बिडाचा मॅनिफोल्ड तापून पसरला की फट तात्पुरती मिटते. आवाज मिटला म्हणून दुरुस्ती पुढे ढकलणारे पुष्कळ जण असतात, पण फट तिथेच असते. गॅस्केटच्या कडेवर काजळीचा काळा फराटा उमटलेला दिसतो. बोट लावले तर तो कोरडा आणि मऊ लागतो. दिसत नसेल तर इंजिन थंड असताना टेलपाइपमधून ब्लोअरने हलकी हवा सोडावी आणि जोडांवर साबणाचे पाणी मारावे. जिथे बुडबुडे फुगतात तिथे गळती.

हे काम टाळू नये असे मी आग्रहाने सांगतो, त्याला मुख्य कारण कार्बन मोनॉक्साइड आहे. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मॅनिफोल्ड केबिनच्या अगदी पुढे असतो, तिथून गळलेला वायू फटींतून आणि हवा आत घेणाऱ्या पंख्यावाटे केबिनमध्ये शिरू शकतो. गाडी चालवताना डोके दुखणे, मळमळणे, सुस्ती येणे हा केवळ प्रवासाचा शीण समजू नये. काचा उघडाव्यात, गाडी थांबवावी आणि खाली उतरून मोकळ्या हवेत यावे. शिवाय पेट्रोल इंजिनात गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात इंधन कमी असल्याचा भास होतो आणि संगणक विनाकारण जास्त इंधन सोडत राहतो.

आता बोल्टकडे येऊ. साध्या बोल्टवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त 419 अंश सेल्सिअसला वितळते आणि मॅनिफोल्ड भाराखाली त्याच्या बराच पुढे जातो, म्हणून इथे तो मुलामा टिकत नाही. उघडे पोलाद तापते, त्यावर चिखलपाणी उडते, बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावरचे मीठही उडते, आणि तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमध्ये तो पाचरीसारखा ठासून बसतो. त्यातच पसरण्याचे गणितही बोल्टच्या विरोधात जाते: अर्धा मीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड 500 अंशांनी तापला तर अडीच मिलिमीटरहून अधिक वाढतो, तर मॅनिफोल्ड ज्यावर बसतो ते पाण्याने थंड राहणारे सिलिंडर हेड त्या मानाने फारच कमी वाढते. हा फरक टोकाच्या बोल्टना सोसावा लागतो, आणि म्हणूनच मॅनिफोल्डचे पहिल्या आणि शेवटच्या सिलिंडरजवळचे बोल्ट आधी तुटतात.

सोडवण्याच्या कामात ताकदीपेक्षा सबुरी कामाला येते. गाडी जॅकवर नव्हे, जॅक स्टँडवर पक्की उभी असावी. तारेच्या ब्रशने आट्यांचे उघडे टोक स्वच्छ करावे, गंज सोडवणारे तेल मारावे, काही तासांनी पुन्हा मारावे आणि रात्रभर मुरू द्यावे. तापलेल्या एक्झॉस्टवर मात्र ते कधीही मारू नये, पेट घेते. पान्याची गोटी (सॉकेट) सहा कोनांची घ्यावी, बारा कोनांची गोटी झिजलेल्या डोक्यावरून निसटते आणि उरलेसुरले कोनही खाते. नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, मग सोडवण्याच्या दिशेने, आणि पाव फेरा आला की पुन्हा मागे न्यावा, म्हणजे गंजाचा चुरा आट्यांत अडकून बसत नाही.

इथे हाताला जे कळते ते महत्त्वाचे आहे. नट करकरत, झटक्याने हलला तर तो सुटतो आहे. पण आवाज न करता पाना रबरासारखा मऊपणे पुढे जाऊ लागला, तर नट फिरत नसून स्टड (डोके नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) पिळला जातो आहे. त्या क्षणी हात थांबवावा. मग उष्णता द्यावी, आणि ती स्टडला नव्हे, नटाला द्यावी. नट मंद लाल होईपर्यंत तापला की तो स्टडपासून सुटा होऊ पाहतो. थोडा निवल्यावर आट्यांवर मेणबत्तीचे मेण टेकवले की ते वितळून आत ओढले जाते. ज्योतीच्या आसपास इंधनाची किंवा ब्रेकची नळी, वायर, रबर काही नसावे, आणि तिथे क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तर अजिबात वापरलेला नसावा, कारण तो तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू बनू शकतो.

सगळे बोल्ट वाचवण्याचा अट्टहास मला पटत नाही. पाइपच्या फ्लँजवरचा आरपार जाणारा बोल्ट सरळ कापून काढावा आणि नवा घालावा, त्यात काही गमावत नाही. जपायचा तो सिलिंडर हेडमध्ये गेलेला स्टड. तो तुटून थोडा बाहेर उरला असेल तर त्यावर नट ठेवून, बॅटरीची जोडणी काढून, आतून वेल्डिंग करावे. वेल्डिंगची उष्णता गंज सैल करते आणि पान्याला धरायला नवे डोके मिळते. पृष्ठभागाच्या आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने छिद्र पाडावे, पुष्कळदा तो ड्रिलबरोबरच बाहेर येतो. तुटलेला स्टड बाहेर ओढण्यासाठी त्यात आटे कापत आत जाणारा एक्स्ट्रॅक्टर मी शेवटचा उपाय मानतो: तो अतिशय कठीण पोलादाचा असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही, आणि मग हेड मशीन शॉपमध्ये नेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

परत जोडताना जुने गॅस्केट वापरू नये. आटे टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून साफ करावेत, मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तो वाकला आहे का ते पाहावे, कारण वाकलेल्या तोंडावर नवे गॅस्केट टिकत नाही. बोल्ट उष्णता सोसणाऱ्या दर्जाचेच घ्यावेत. फ्लँजच्या स्टडवर पितळी नट चांगले, ते गंजून स्टडला धरत नाहीत. आट्यांना निकेलयुक्त अँटी-सीझ (आटे एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायचे वंगण) लावले असेल तर कोरड्या बोल्टसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याचा ठरलेला पीळ) जसाच्या तसा लावू नये, वंगणामुळे बोल्ट अपेक्षेपेक्षा जास्त ताणला जातो. आवळताना मधून टोकांकडे, टप्प्याटप्प्याने जावे.

आणि गाडी खाली घेण्याआधी एक्झॉस्ट टांगून धरणारे रबर व इंजिनाचे माउंटिंग पाहावे. पिकअपचा पाइप लांब असतो आणि तो चॅसिसला टांगलेला असतो, तर इंजिन आपल्या माउंटिंगवर हलत असते. एखादे रबर तुटले असेल तर पाइपचे सारे वजन आणि हिसके फ्लँजवर येतात, आणि आज बसवलेला नवा बोल्टही त्याच जागी तुटतो.