सुपरनॅचरल रीवॉच : चौथा सीझन उघडला आणि मीठ कामाला आलं नाही

‘सुपरनॅचरल’ म्हणजे भुतं-राक्षसांची शिकार करणाऱ्या डीन आणि सॅम या भावांची अमेरिकन मालिका; मी ती पुन्हा पहिल्यापासून बघतेय. तिसरा सीझन संपला, डीन नरकात गेला आणि परवा रात्री एकदाचा चौथा उघडला. या वेळी सोबतीला नवीन भिडू आहे, माझी भाची. पहिले तीन सीझन तिनं सुट्टीत सलग संपवलेत आणि पुढचं तिला काहीही माहीत नाही. आजच्या काळात हे टिकवून ठेवणं किती अवघड आहे ते तुम्हाला सांगायला नको. मावशी म्हणून मी तोंड शिवून बसले होते, त्यामुळे या नोंदीतल्या निम्म्या प्रतिक्रिया तिच्या आहेत.

भागाचं नाव ‘लॅझरस रायझिंग’, पहिलं प्रक्षेपण १८ सप्टेंबर २००८. लेखन मालिकेचा जनक एरिक क्रिपकीचं, दिग्दर्शन किम मॅनर्सचं. आधीचा सीझन लेखकांच्या संपामुळे १६ भागांतच गुंडाळला होता आणि शेवटाकडे ती घाई दिसतेच. इथे मात्र कुणालाही कसली घाई नाही. एक डोळा, किंकाळ्या, क्षणभर लालभडक काहीतरी, मग काळोख आणि लायटर. डीन शवपेटीत आहे. हाक मारायला जातो तर घशातून धड आवाज फुटत नाही. माती उपसून बाहेर येतो, कॅमेरा वर जातो आणि दिसतं की थडग्याभोवतीची झाडं गोलाकार आडवी झाली आहेत.

“बॉम्ब पडला का इथे?” भाचीचा प्रश्न. मी गप्प. “आणि नरक? तो दाखवणारच नाहीत?” तिचा जरा हिरमोड झाला होता. मला विचाराल तर नरक दाखवला नाही हेच बरं झालं. त्या बजेटमध्ये जो काही दाखवला असता तो बघवला नसता.

यानंतरचा पेट्रोल पंपावरचा प्रसंग मी थांबवून थांबवून पाहिला. बंद दुकान, चिटपाखरू नाही. डीन काच फोडून आत शिरतो, पाण्याची बाटली घटाघटा रिकामी करतो, वर्तमानपत्रावरून कळतं की सप्टेंबर उजाडलाय. म्हणजे चार महिने गेले. आरशात शर्ट वर करून बघतो तर नरककुत्र्यांनी फाडलेल्या पोटावर ओरखडासुद्धा नाही. मग बाही सरकवतो. डाव्या खांद्यावर भाजल्यासारखा लालबुंद हाताचा पंजा. संवाद जवळजवळ शून्य. डीन झालेला जेन्सन अ‍ॅकल्स फक्त चेहऱ्यानं काम करतो आणि लगेच पुढच्या मिनिटाला चॉकलेटं, गल्ल्यातले पैसे आणि एक चावट मासिक पिशवीत भरतो. माणूस तोच आहे हे पटवायला भाषण लागत नाही ते असं.

तेवढ्यात टीव्ही आपोआप सुरू होतो, पडद्यावर मुंग्या. रेडिओ खरखरायला लागतो. तीन सीझन पाहिलेल्या प्रेक्षकाला याचा अर्थ, म्हणजे जवळपास भूत किंवा राक्षस आहे, पाठ आहे आणि डीनलाही. तो धावत जाऊन खिडकीत मीठ ओततो. आपल्याकडे दृष्ट काढायला मीठमोहऱ्या, तसं या भावांचं मीठ. पण कान फाटेल अशी शीळ सुरू होते, काचांचा चुरा होतो आणि मिठाच्या रेघेला कुणी विचारतसुद्धा नाही.

या वेळच्या रीवॉचमध्ये मला जे नव्यानं दिसलं ते हेच. हा भाग एकेक ओळखीचं हत्यार बाहेर काढतो आणि निकामी करत जातो. बॉबी म्हणजे या भावांना वडिलांसारखा असलेला जुना शिकारी; त्याच्या घरी, हा खरंच डीन की कुणी राक्षस हे तपासायला, चांदीची सुरी येते. डीन स्वतःच हात कापून दाखवतो, बॉबी डोळ्यांत पाणी आणून मिठी मारतो आणि मिठी सुटल्या सुटल्या तोंडावर होली वॉटर फेकतो. (भाची इथे एवढी हसली की मागे न्यावं लागलं.) बॉबीचं म्हणणं होतं की देहाला मीठ लावून जाळावं, नेहमीच्या पद्धतीनं. सॅमनं ऐकलं नाही, कारण भावाला परत आणलं तर देह लागेल ना! म्हणून दफन, तेही इलिनॉयमधल्या पाँटिअ‍ॅकला. म्हणजे नियम पाळला असता तर मालिका तिथेच संपली असती.

सॅमच्या बाजूनं सांगायचं तर मी अजूनही नाराज आहे. मॉटेलच्या खोलीत जी मुलगी दार उघडते ती नव्या देहातली राक्षसीण रूबी निघते हा धक्का छान आहे, पण आधीची रूबी केटी कॅसिडीची धार जेनेव्हिव्ह कोर्टीजकडे निदान या भागात तरी नाही. भाचीला मात्र ही जास्त आवडली. वाद अजून मिटलेला नाही. डीनच्या लाडक्या इम्पाला गाडीत सॅमनं आयपॉड बसवलाय आणि डीन तो उपटून मागच्या सीटवर भिरकावतो, तिथे मात्र आमचं एकमत झालं.

पॅमेला बार्न्स. भूतप्रेतांशी बोलणारी, बिनधास्त, येताक्षणी आवडणारी बाई. ती डीनच्या खांद्यावरच्या पंजावर हात ठेवून ‘कोण आहेस’ विचारते, नाव मिळतं कॅस्टिएल, तो मागे फिर म्हणून बजावतो, ही ऐकत नाही आणि तिचे डोळे जळून जातात. भाचीनं उशी तोंडावर धरली. “मावशी, हा पुढच्या सीझनभरचा व्हिलन आहे ना? अझाझेलपेक्षा डेंजर आहे.” (अझाझेल म्हणजे आधीच्या सीझनमधला मुख्य राक्षस.)

माझी तेव्हा काय अवस्था झाली असेल बघा.

शेवटचं कोठार, जिथे डीन आणि बॉबी कॅस्टिएलला बोलावतात. आधी एक छोटी गोष्ट : चार महिन्यांनी भेटलेले भाऊ पहिल्याच रात्री एकमेकांशी खोटं बोलतात. सॅम बर्गर खायला गेलोय म्हणतो, डीन बॉबीबरोबर बिअर प्यायला. पुढच्या सगळ्या सीझनचं दुखणं त्या एका फोनमध्ये आहे. असो. कोठाराच्या भिंतींवर जगातल्या तमाम धर्मांची चिन्हं रंगवलेली, टेबलावर हत्यारं मांडलेली. पत्रे थडथडतात, दारं उघडतात, डोक्यावरचे बल्ब एकेक करून फुटत जातात आणि त्या ठिणग्यांतून एक चुरगळलेल्या कोटातला, सैल टायचा, अकाउंटंट वाटावा असा माणूस चालत येतो. गोळ्या झाडतात, फरक नाही. डीन राक्षसांना मारणारी रूबीची सुरी छातीत खुपसतो, तो ती उपसून खाली टाकतो. राग नाही, घाई नाही. मग सांगतो की मीच कॅस्टिएल, तुला नरकातून काढणारा, आणि मी देवदूत आहे. वीज चमकते आणि भिंतीवर पंखांची सावली उमटते.

टीव्हीवरच्या मुंग्या, फुटणाऱ्या काचा, गेलेले डोळे ही सगळी भुताखेतांची लक्षणं होती आणि ती घेऊन आला देवदूत. क्रिपकीला सुरुवातीला मालिकेत देवदूत नकोच होते, हे त्यानंच सांगितलंय. कदाचित म्हणूनच त्यानं आणला तेव्हा त्याला भीतीच्याच दारानं आत घेतलं. कॅस्टिएल झालेल्या मिशा कॉलिन्सलाही ऑडिशनला राक्षसाची भूमिका म्हणूनच संवाद दिले होते, गुपित फुटू नये म्हणून. थोड्याच भागांसाठी आलेला हा माणूस २०२० पर्यंत, शेवटच्या सीझनपर्यंत टिकला. किम मॅनर्स मात्र जानेवारी २००९ मध्ये, हाच सीझन चालू असताना गेला. त्या कोठारातला काळोख-उजेड बघताना त्याची आठवण काढाच.

मला दर वेळी थांबवतो तो मात्र पंखांचा शॉट नव्हे. कॅस्टिएल डीनकडे मान किंचित तिरपी करून बघतो आणि त्याला कळतं की, आपण वाचवण्याच्या लायकीचे आहोत हे या माणसाला मान्यच नाही. नरकातून बाहेर काढलेला माणूस आणि तक्रार काय, तर मलाच का? भाची इथे हसली नाही.

पुढची नोंद दुसऱ्या भागाची, म्हणजे ज्यांना वाचवता आलं नाही त्यांची भुतं आणि सैतानाला कोंडून ठेवणाऱ्या सीलची भानगड. त्यासाठी शनिवार ठरला होता. आज दुपारी भाचीचा मेसेज आला : “सील एकूण किती आहेत गं?” म्हणजे बाईसाहेबांनी परस्पर बघून टाकलाय.