सुसा घेतल्यावर मी का थांबले

तुम्ही विचारलंत म्हणून त्या कॉम्प्युटर गेमबद्दल सांगते. तसं दर दिवाळीला कोणीतरी विचारतंच, "पर्सेपोलिस हाताशी आलेलं असताना तू तह का केलास?" चकली खाता खाता एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून हसून सोडून देत आले. आता लिहूनच टाकते.

खेळ सिव्हिलायझेशन फाइव्ह, शहरं वसवायची, वाढवायची आणि दुसऱ्याची जिंकायची असा. मावसभाऊ आणि मी एका टीममध्ये, तो चंगीझ खान, मी गांधीजी. (गांधीजी घेऊन लढाई. हो, त्यावरचे सगळे विनोद ऐकून झालेत.) समोर पर्शियाचा दारायस, त्याची राजधानी पर्सेपोलिस.

सुसा घेतलं तेव्हा चौदा वस्तीचं शहर सातवर आलं. हेडफोनमध्ये भाऊ ओरडत होता, "ताई, जाळ आणि चल पुढे!" कॉलेजातली मी असते तर जाळलंच असतं. तेव्हा मी घेईन ते शहर जाळायचे आणि नकाशा स्वच्छ झाला म्हणून खूश व्हायचे. ती मुलगी जिंकायची, हेही सांगते. पण ती भारत घेऊन खेळत नव्हती. भारताला शहरांच्या संख्येमुळे येणारी नाराजी दुप्पट, माणसांमुळे येणारी निम्मी. म्हणजे दहा बारकी शहरं गोळा केलीत की मेलात, आणि मोठं होऊ शकणारं एक शहर जपलंत तर तगलात. सुसा तसं होतं. नदीकाठचं, भोवती गहू.

"मग मांडलिक ठेवायचंस, खालसा करून थेट आपल्या ताब्यात कशाला घेतलंस?" हा तुमचा पुढचा प्रश्न. बंडाळी शमेपर्यंत मांडलिकच ठेवलं होतं, एवढं मलाही कळतं. पण मांडलिक शहर स्वतःच्या मर्जीने बांधतं, तिथे सैन्य विकत घेता येत नाही, आणि सुसा तर ऐन सीमेवर. म्हणून खालसा केलं. आता कोर्टहाऊस (जिंकलेल्या शहराची ही जादा नाराजी घालवणारी इमारत) होईपर्यंत नाराजी जास्तीची, झाल्यावर दर टर्नला, म्हणजे खेळातल्या दर पाळीला, चार सोनं खर्च, आणि विकत घ्यावं तर तोफांवर खजिना रिकामा झालेला. हॅपिनेस, म्हणजे माझ्या सगळ्या प्रजेची खुशी, वजा आठ.

त्याच टर्नला पर्सेपोलिसची तटबंदी पाव उरली होती.

भावाचं म्हणणं सोपं होतं, घे. पण मूळ राजधानी जाळता येत नाही. ती घेतली की तिची माणसं माझ्या डोक्यावर. वजा दहाच्या खाली गेलं की वाढ ठप्प, सैन्य लढाईत ढिलं, आणखी घसरलं तर बंडखोर. मी तह केला. तह टीमचा असतो, त्यामुळे त्याचे घोडेस्वारही जागच्या जागी थांबले. दहा टर्न. एवढ्यात दारायसचं सुवर्णयुग लागलं. पर्शियाचं सुवर्णयुग इतरांपेक्षा लांबतं आणि त्यात त्याचं सैन्य जास्त जोरात लढतं. तह संपला तेव्हा भावाची आघाडी तीन बाजूंनी कापली गेली. तो काही बोलला नाही, हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज तेवढा आला. पुढे कितीतरी महिने तो माझ्याबरोबर खेळला नाही. त्याला विचारून तह करायला हवा होता का? त्याने नाही म्हटलं असतं, आणि मी तरीही केला असता.

मामाने तर मला अटकेपार झेंड्यांची आठवण करून दिली. मामा, 1758 ला आपण लाहोर घेतलं आणि पुढच्याच वर्षी अब्दालीने पंजाब परत घेतला. तिथे कोर्टहाऊस कोणी बांधलं होतं?

हे मी तावातावाने बोलले खरी, पण भावाचाही हिशेब चुकीचा नव्हता. पर्सेपोलिसमध्ये जी वंडर्स, म्हणजे भव्य वास्तू, होती, त्यांतून हॅपिनेस भरून निघाला असता कदाचित. मी कागदावर मांडून पाहिलंय. कधी निघतो, कधी नाही. आणि एक कबूल करते, मला लढाईपेक्षा शहराचा स्क्रीन जास्त आवडतो. कुठला माणूस कुठल्या शेतावर बसवायचा यात माझा तास जातो. त्याला तो तास वाया गेलेला वाटतो.

हल्ली तो सिव्हिलायझेशन सिक्स खेळतो. तिथे 2018 च्या विस्तारापासून लॉयल्टी, म्हणजे शहराची निष्ठा, आहे, शेजारच्या वस्तीच्या दबावाने जिंकलेलं शहर आपणहून फुटतं. परवा फोन आला, "ताई, घेतलेलं शहर परत गेलं, काय करू?" म्हटलं, गव्हर्नर बसव, दर टर्नला आठ लॉयल्टी मिळते. म्हणाला, गव्हर्नर एकच मोकळा आहे, तो पुढच्या शहरासाठी ठेवलाय.