उसना पुलर

इथे अमेरिकेत गाडीच्या पार्टांच्या दुकानात हत्यारं उसनी मिळतात. भाडं नाही, ओळख नाही, कुणाची चिठ्ठी नाही. इंदूरला सांगितलं तर "भिया, काहीही फेकतो" म्हणतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या जुन्या व्हॅनचा पॉवर स्टिअरिंगचा पंप गळत होता. टाकीत तेल भरलं की थोड्याच दिवसांत तळ दिसायचा, आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी कण्हायची. गॅरेजवाल्याने सहाशे डॉलरच्या वर आकडा सांगितला, त्यात बरीचशी मजुरी. म्हणून आधी सगळं पुसून घेतलं, इंजिन चालू ठेवून बायकोला स्टिअरिंग फिरवायला लावलं आणि टॉर्च घेऊन वाकलो. पुष्कळदा होजची साधी क्लिप ढिली असते. आमचं तेल पुलीच्या मागून येत होतं, म्हणजे शाफ्टचं सील गेलेलं.

पुली म्हणजे पट्ट्याने फिरणारं पंपाचं चाक. ही पुली नटाने धरलेली नसते, शाफ्टवर दाबून बसवलेली असते. काढायला पुलर, म्हणजे ती ओढून काढणारं हत्यार, हवा, नव्या पंपावर चढवायला स्क्रूने दाबणारं दुसरं हत्यार हवं. हातोडीने ठोकाल तर नवाकोरा पंप आतून बिघडेल. आयुष्यात एकदा लागणारं हत्यार विकत कोण घेणार? काउंटरवरच्या पोराने कार्डावर अनामत घेतली आणि प्लॅस्टिकची पेटी पुढे सरकवली. परत दिली की अनामत पूर्ण परत. पेटीवर आधीच्या कितीतरी जणांच्या काळ्या बोटांचे ठसे होते, पण आतला प्रत्येक तुकडा आपापल्या खाचेत! मी ती पेटी घरच्यांनाही उघडून दाखवली. त्यांना फार काही वाटलं नाही.

आता आपली बाजूही सांगतो. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीच्या आसपासचा मिस्त्री हाच पंप उघडून नुसतं सील बदलून देईल, तेही चहा संपायच्या आत. इथे पंप उघडणारा कुणी भेटला नाही. रीबिल्ट, म्हणजे जुना दुरुस्त केलेला, पंप घ्यायचा, आपला जुना दुकानात जमा केला की 'कोर'चे, म्हणजे जुन्या पार्टासाठी घेतलेल्या अनामतीचे, पैसे परत मिळतात. तो जुना पंप मग कुठल्या तरी कारखान्यात उघडला जातो. म्हणजे दुरुस्ती हेही करतातच, फक्त गिऱ्हाइकासमोर करत नाहीत.

खरा वेळ खाल्ला गंजलेल्या बोल्टांनी. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटात सगळीकडे चिकटतं. नवा पंप बसल्यावर पुढची चाकं स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत तेल भरत जायचं, मगच इंजिन चालू करायचं. तेल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. काही गाड्यांना गिअरबॉक्सचं तेल चालतं, होंडाला होंडाचंच लागतं.

हे सगळं मित्राच्या गॅरेजमध्ये केलं, कारण आमच्या अपार्टमेंटच्या करारात पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बसायला मनाई आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो कौंटीत तर स्वतःच्या घरीही, सहसा घरात नसणारी हत्यारं वापरून गाडी दुरुस्त करायला बंदी आहे. स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारा देश! सांडलेलं तेल गटारात जाऊ नये म्हणून हे नियम, हे पटतं. पण 2017 पासून ओळीने वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिल्या आलेल्या इंदूरमधून आलेल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. आपल्याकडच्या मिस्त्रीच्या दुकानासमोरची जमीन काळी असते, हे मी मित्राला सांगितलं नाही.

बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "तिथे मिस्त्री मिळत नाही का रे?" इंदूरच्या लोकमान्य नगरच्या घरात स्कूटरच्या प्लगपलीकडे कुणी हात काळे केले नव्हते. मी म्हटलं, पैशाचा प्रश्न नाही, आवड म्हणून केलं. तसं ते अगदीच खोटंही नाही.

बाबांच्या नव्या गाडीचं स्टिअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. त्यात ना पंप, ना तेल. तेव्हा माझी ही विद्या आपल्या घरी कुणाच्या कामाची नाही, हे त्यांनी लगेच सांगून टाकलं. मी म्हटलं, काकांच्या जुन्या स्कॉर्पिओला पंप आहे. मागून काका ओरडले, "तिला हात लावू नको म्हणावं!"