जुन्या गाडीला रेसिंगचे सस्पेन्शन बसवताना

माझ्या २६ वर्षे जुन्या हॅचबॅकला कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारी स्प्रिंग आणि शॉकची एकत्र जोडी, बसवून झाले तेव्हा ती ४५ मिलिमीटर खाली आली होती आणि उभी असताना फार देखणी दिसत होती. पहिल्याच लांब वळणावर मध्येच एक छोटासा उंचवटा आला आणि बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक पकड सोडून हातभर बाजूला घसरले. मूळ सस्पेन्शनवर हेच वळण याच वेगाने मी कितीतरी वेळा निर्धास्तपणे घेतले होते. आता गाडी कडक झाली होती, वळणावर कमी झुकत होती आणि तरीही रस्त्याला पूर्वीपेक्षा कमी धरून राहत होती. असे का झाले ते समजून घेण्यात आणि दुरुस्त करण्यात माझे जवळजवळ एक वर्ष गेले.

पहिला धागा एका केबल टायने मिळाला. शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दांडीवर तो घट्ट बांधला की शॉक दाबला जाताना तो सरकतो आणि सर्वांत दूरच्या जागी तसाच राहतो, त्यामुळे दांडी किती आत गेली हे नंतर शांतपणे मोजता येते. साध्या रस्त्यावरच्या एका फेरीनंतर तो थेट बंप स्टॉपला, म्हणजे शॉकचा प्रवास जिथे संपतो तिथल्या रबरी ठोकळ्याला, जाऊन टेकलेला दिसला. मूळ उंचीवर बंप स्टॉपपर्यंत सुमारे ६५ मिलिमीटर अंतर होते. मी गाडी स्प्रिंगची बैठक खाली फिरवून उतरवली होती, म्हणजे ते ४५ मिलिमीटर या ६५ मधूनच गेले आणि हाती २० उरले. वळणावरच्या झुकावाने ते २० संपत होते आणि वर उंचवटा आला की रबराचा तो ठोकळा एखाद्या अत्यंत कडक स्प्रिंगसारखा वागत होता. एका चाकावर भार असा अचानक चढला की टायर तो पेलू शकत नाही. ज्या कॉइलओव्हरमध्ये खालचा ब्रॅकेट वेगळ्या आट्यांवर फिरतो, त्यात शॉकचा प्रवास न गमावता उंची बदलता येते. माझ्या किटमध्ये ती सोय नव्हती आणि घेताना मी ते पाहिले नव्हते.

गाडी खाली आणल्याने आणखी एक गोष्ट बिघडली होती आणि ती डोळ्यांना सहज दिसत नाही. माझ्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक असलेला एकच उभा खांब चाकाला वरून धरतो. अभियंते अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सल आणि झेफायर या गाड्यांतून मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली, आणि कमी भाग व कमी जागा हे तिचे गुण असल्यामुळे ती आजवर टिकून आहे. मात्र तिची भूमिती मूळ उंचीच्या आसपासच नीट चालते. गाडी खाली बसली की लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याचे, बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते, आणि गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर झुकते तो, जास्त खाली जाते. त्या दोहोंमधले अंतर वाढते आणि झुकवणारा जोर त्या अंतराच्याच प्रमाणात असतो. म्हणजे गाडी खाली आणून आपण झुकाव वाढवतो आणि मग तो दाबण्यासाठी आणखी कडक स्प्रिंग शोधू लागतो. शिवाय टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी) आणि लोअर आर्म वेगवेगळ्या कमानींत फिरू लागतात, त्यामुळे चाक वरखाली होताना टो, म्हणजे वरून पाहता चाकाची आत किंवा बाहेर वळलेली दिशा, बदलतो आणि स्टिअरिंग न हलवताही गाडी खड्ड्यागणिक दिशा सोडते. लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाचा बॉल जॉइंट खाली आणणारे स्पेसर मिळतात, पण ते बसवल्यावर टाय रॉडचे टोकही तेवढेच खाली आणावे लागते.

स्प्रिंगच्या बाबतीत मी सर्वांत मोठी चूक केली होती, आणि ती आकडे न मांडल्यामुळे झाली होती. किटमध्ये पुढे ५० आणि मागे ४० न्यूटन प्रति मिलिमीटरच्या (म्हणजे मिलिमीटरभर दाबायला तेवढा जोर लागणाऱ्या) स्प्रिंगा होत्या. कागदावर ही जोडी समतोल वाटते. पुढे स्ट्रटमध्ये स्प्रिंग जवळजवळ चाकाइतकीच हलते, पण माझ्या गाडीत मागची स्प्रिंग ट्रेलिंग आर्मवर, म्हणजे मागच्या चाकाला पुढून धरणाऱ्या दांड्यावर, आत बसलेली आहे आणि चाक १० मिलिमीटर हलले तर ती ७ मिलिमीटरच दबते. चाकाशी जाणवणारा कडकपणा या गुणोत्तराच्या वर्गाने घटतो, म्हणून ४० ची स्प्रिंग चाकापाशी जेमतेम २० ची उरते. पुढे एका चाकावर तोलले जाणारे वजन सुमारे २५० किलो आणि मागे १८० किलो धरले, तर पुढची कंपनसंख्या, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वरखाली डोलते ती, २.२५ हर्ट्झ आणि मागची सुमारे १.७ हर्ट्झ येते. मूळ स्प्रिंगांवर पुढे ती १.४ होती. अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये प्रत्यक्ष गाडीवर वजने हलवून दाखवले होते की मागची कंपनसंख्या पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे पुढचे चाक उंचवट्यावरून आधी गेले तरी मागचा भाग लवकर त्याच्या लयीत येतो आणि गाडी पुढेमागे डोलत नाही. माझी गाडी नेमकी उलटी होती.

शेवटी मी पुढे २८ आणि मागे ५० अशा स्प्रिंगा घेतल्या. पुढे ज्या ५० ने घात केला तोच ५० मागे योग्य ठरला. आता पुढे सुमारे १.७ आणि मागे १.८५ हर्ट्झ येतात. झुकाव आवरण्यासाठी मागचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकाव रोखणारी पोलादी दांडी, २० ऐवजी २२ मिलिमीटरचा केला. हे दोन मिलिमीटर क्षुल्लक वाटतात, पण बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढत असल्याने तो सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो.

शॉकच्या नॉबबद्दल थोडक्यात सांगतो. एकच नॉब असलेल्या कित्येक शॉकमध्ये दाबण्याचा आणि उसळण्याचा विरोध एकत्रच वाढतो. म्हणून मी सर्वांत मऊ जागेपासून सुरुवात केली, एकेक खाच वाढवली आणि उंचवट्यानंतरचे दुसरे डोलणे थांबताच तिथेच थांबलो.

हे सारे करण्याआधी जे करायला हवे होते ते मी सर्वांत शेवटी केले, ते म्हणजे बुश, सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरी नळकांडी, बदलणे. जुन्या गाडीतले रबर चिरलेले आणि सैल झालेले असते, आणि अशा रबरावर कितीही उत्तम शॉक बसवला तरी चाक त्याला हवे तिकडेच जाते. पॉलियुरेथेनचे बुश सगळीकडे घालण्याचा मोह मी आवरला, कारण माझ्या ट्रेलिंग आर्मच्या बुशला फिरण्याबरोबर थोडे पिळावेही लागते आणि तिथे ताठ बुश सस्पेन्शनलाच अडवून धरतो. गोलाकार धातूचे जॉइंट मी फक्त स्ट्रटच्या वरच्या माउंटला ठेवले. रस्त्यावरची धूळ आणि पाणी त्यांना लवकर झिजवतात, तेव्हा त्यांची तपासणी हे माझे नेहमीचे काम झाले आहे. नवे रबरी बुश बसवताना गाडी चाकांवर उभी असतानाच बोल्ट शेवटचे आवळावेत. गाडी जॅकवर लटकत असताना ते आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. माझ्या गाडीच्या बाबतीत एका गॅरेजमध्ये हेच झाले होते. त्याच वेळी स्ट्रट टॉवरच्या वेल्डिंगवर तारेच्या ब्रशने घासून भेग किंवा गंज आहे का हेही पाहिले, कारण एवढ्या जुन्या पत्र्यावर कडक स्प्रिंगचा भार थेट तिथेच जातो.

आता गाडी मूळ उंचीपेक्षा २० मिलिमीटरच खाली आहे, पुढचा कँबर (समोरून पाहता चाकाचा तिरपेपणा) उणे दीड अंश, म्हणजे वरची बाजू आत झुकलेली, आणि टो शून्य आहे. त्याच वळणावरून त्याच वेगाने परत आल्यावर केबल टाय बंप स्टॉपच्या १२ मिलिमीटर अलीकडे थांबलेला होता.